कावडीत कोण?

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला आली, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाडा धुऊन काढला होता. सोयाबीन उभ्या जागी कोंबारलं, कापसाच्या वाती झाल्या. तेलगावात त्या रात्री आमच्या गल्लीत ना गच्चीवर गाणी होती, ना भेळीचं पातेलं. तरी अण्णा म्हणाले, "दूध आटवा. म्हशीला काय ठाव पूर आला ते." म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि ढवळायला मी बसलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९७२ च्या दुष्काळानंतर कोयता घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले, बारा हंगाम स्वतः ऊसतोड केली, पुढं मुकादमकी केली. वय ८३. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे, पण ती मास्तरांनी ठरवलेली. समोर बाजेवर बसली होती माझी भाची. २०१३ ते २०१९ ती चीनमध्ये शिजियाझुआंग नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकली. इकडे येऊन परीक्षा दिली, आता माजलगावात दवाखाना चालवते. अण्णा तिला कौतुकानं डॉक्टरीणबाई म्हणतात आणि तिच्या दवाखान्यातल्या गोळ्या मात्र घेत नाहीत.

वादाला सुरुवात झाली ती एका फोटोमुळं. तिच्या तिकडच्या मैत्रिणीनं मोबाईलवर पाठवलेला. गोल टेबल, गोल ताटल्या, त्यात गोल खारी-बिस्किटासारखं काहीतरी आणि खिडकीत चंद्र.

"यांचीपण आज कोजागिरीच," भाची म्हणाली. "मध्य-शरदाचा सण. आठव्या महिन्याची पौर्णिमा. हा चंद्राचा केक. आत कमळाच्या बियांचं गोड सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, म्हणजे तोच चंद्र."

"पुनवेला अंडं?" अण्णांनी माळेवर हात ठेवला. "बरं झालं तू हिकडं आलीस."

"दरवर्षी एकाच दिवशी येत नाही, अण्णा. एरवी त्यांचा सण आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आगेमागे पडतो, गणपती बुडाले की. यंदा जुळलं, कारण त्यांना यंदा सहावा महिना दोनदा आला. आपला अधिक मास पुढच्या वर्षी आहे."

"व्हय. २०२६ ला, जेठ." पंचांग अण्णांना तोंडपाठ असतं. "म्हंजी त्यांच्यातबी धोंड्याचा महिना हाय?"

आहे, आणि तोही आपल्याच हिशेबाचा. ज्या चांद्र महिन्यात आपल्याकडं संक्रांत पडत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. त्यांनी वर्षाचे सूर्याच्या चालीवरून २४ भाग पाडले आहेत. त्यातले एक सोडून एक असे १२ टप्पे आपल्या संक्रांतींच्या जागी धरायचे, आणि ज्या महिन्यात असा टप्पा येत नाही तो दुसऱ्यांदा मोजायचा. १९ वर्षांत ७ अधिक महिने दोघांकडेही. फरक इतकाच की ते सूर्य मोजतात विषुवापासून, म्हणजे सायन, आणि आपण ताऱ्यांपासून, निरयण. सुरुवातच निराळी असल्यामुळं कधी त्यांचा अधिक आधी, कधी आपला. दोन कारखान्यांच्या वजनकाट्यांत असतो तेवढाच हा फरक, असं मी मध्येच म्हणालो. अण्णा म्हणाले, "तेवढा नसंल. तेवढा असता तर त्यांचं सालच बुडालं असतं."

"आणि धोंड्याच्या महिन्यात तिकडं काय करतात, माहितीय? काही भागांत लग्न झालेल्या लेकी आईबापाला नवीन जोडे देतात."

"बापाला जोडे? मारायला?"

"घालायला, अण्णा. आयुष्य वाढावं म्हणून."

"बरंय की. हितं जावयाला धोंडे, वर चांदीचं निरांजन, अन् सासरा कर्जात. त्यांचं घेण्यासारखं हाय हे."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग तिनं चंद्राची गोष्ट सुरू केली. फार पूर्वी आभाळात दहा सूर्य एकदम उगवले. पिकं करपली. होउ यी नावाच्या तिरंदाजानं नऊ सूर्य पाडले, एक ठेवला. त्याला अमरपणाचं औषध मिळालं. त्याची बायको छांग-अ हिनं ते पिऊन टाकलं. कुणी म्हणतं लोभानं, कुणी म्हणतं चोराच्या हाती लागू नये म्हणून. ती हलकी हलकी होत चंद्रावर गेली आणि तिथंच राहिली. सोबतीला एक ससा, औषध कुटत बसलेला.

"ससा तर आपलाबी हाय," अण्णा म्हणाले.

"आणि एक माणूसही आहे. वू गांग. अमर व्हायची विद्या शिकताना त्याच्या हातून काही चूक झाली, म्हणून शिक्षा मिळाली. चंद्रावर एक प्रचंड झाड आहे, आपल्या पारिजातकाच्या कुळातलं, बारीक वासाच्या फुलांचं. ते त्यानं तोडायचं. पण कुऱ्हाडीचा घाव घातला की घाव भरून येतो. तोडतोय, भरून येतंय. बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी पुस्तकातसुद्धा तो तोडतच होता."

अण्णा ताठ बसले. चष्मा पुसला. वर चंद्राकडं नीट पाहिलं.

"खोडवा," ते म्हणाले.

"काय?"

"अगं खोडवा धरलाय त्यानं. तोडला की फुटतो, फुटला की तोडतो. चंद्रावरबी तोडच! आगाऊ उचल किती घेतली व्हती म्हणावं?"

हसता हसता दूध उतू जाता जाता राहिलं. पण अण्णांचं हसणं लवकर थांबलं. "एक सांगतो, बाई. ही गोष्ट ज्यानं रचली त्यानं कधी झाड तोडलं नसंल. तोडणाऱ्याला गोष्ट सुचत न्हाई. रात्री तीनला उठून फडात जायचं, गाडी भरायची, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं. मग म्हणं लक्ष्मी कोजागिरीला इचारत फिरती, कोण जागं हाय. इतक्या वर्सांत फडात कधी आली न्हाई. तिथं तर सगळेच जागे व्हते."

"म्हणून गोष्ट खोटी?"

"खोटी न्हाई. रिकामी. सण म्हंजी काय, तर त्या दिवशी माणूस घरी असणं अन् पोटभर जेवणं. गोष्ट मागाहून लावलेली असती, पोत्याला शिवण घालावी तशी."

भाचीला हे पटणारं नव्हतं. गोष्ट हाच सणाचा दाणा आहे, असं तिचं म्हणणं. गोष्ट विसरली की सणाची नुसती सुट्टी होते, आणि सुट्टीत माणूस डीजे लावतो. "आपल्या चौकात दहीहंडीला काय वाजतं ते बघा. कृष्ण कुठंय त्यात?" आमचा चौक म्हणजे चार दिशांचा रगाडा आहे. एक रस्ता माजलगावला, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला, एक सिरसाळ्यावरून परळीला. तिथं जे वाजतं ते चारी तालुक्यांना ऐकू जातं, एवढंच मी सांगतो.

"तिकडं सरकारनं २००८ पासून तीन जुन्या सणांना सुट्टी दिली," ती म्हणाली. "हा चंद्राचा, पाचव्या महिन्यातला होड्यांचा, आणि छिंगमिंग, पितरांचा. आधी सुट्टीच नव्हती. तरी सण टिकले होते ते आज्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर. यान चंद्रावर पाठवलं तेव्हा त्याला नाव दिलं छांग-अ, आणि त्यातून उतरलेल्या गाडीला नाव दिलं जेड ससा."

"नाव द्यायला काय लागतं? आमच्या टोळीतल्या बैलाचं नाव राजा व्हतं."

मग वाद शिळासप्तमीवर गेला. तो कसा गेला सांगतो. छिंगमिंग येतो ४ किंवा ५ एप्रिलला. त्याला लागूनच पूर्वी एक सण असायचा, गार अन्नाचा. चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. त्याची गोष्ट अशी की एक राजपुत्र परागंदा झाला होता. उपाशी मरायला टेकला तेव्हा त्याच्या एका सेवकानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला खायला घातलं. पुढं राजपुत्र राजा झाला, सगळ्यांना इनामं वाटली आणि नेमका यालाच विसरला. सेवक म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरात जाऊन राहिला. राजाला उशिरा आठवण झाली. तो बाहेर यावा म्हणून राजानं डोंगराला आग लावली. तो आला नाही. आईसकट जळालेला सापडला. तेव्हापासून त्या दिवशी विस्तव बंद.

"म्हंजी शिळासप्तमी," अण्णा म्हणाले. "श्रावणात आपणबी चूल थंड ठिवतो. बाईमाणसाच्या हाताला अन् चुलीला एक दिस इसावा. हेच खरं कारण. त्यावर तुम्ही राजा जाळा न्हाईतर सेवक जाळा."

मला अण्णांचं म्हणणं अर्धं पटलं. दोन देशांत चूल थंड ठेवायची रीत एक आणि कथा निराळ्या असतील, तर रीत आधीची आणि कथा नंतरची, असा संशय येतोच. होड्यांच्या सणाचंही तसंच दिसतं. मूळ तो रोगट, दमट दिवसांतला. दारावर उग्र वासाचे पाले बांधायचे, आपण पाडव्याला कडुनिंब लावतो तसे. त्याच्यावर नदीत जीव दिलेल्या छू युआन या कवीची गोष्ट बसली. लोकांनी त्याला शोधायला होड्या घातल्या आणि माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भाताच्या पुरचुंड्या टाकल्या, म्हणे. पण भाचीनं पुढं जे सांगितलं त्याला अण्णांच्या पोत्यात जागा नव्हती.

"छिंगमिंगला तिकडं लोक थडगी झाडतात, गवत काढतात, फुलं ठेवतात. आमच्या शहरातच हुतात्म्यांची मोठी दफनभूमी आहे. कॉलेजातल्या एका मुलीबरोबर गेले होते. तिथं एका पांढऱ्या पुतळ्यासमोर फुलांचा ढीग होता. शाळेची पोरं रांगेनं येऊन फुलं ठेवत होती. ती मुलगी मला म्हणाली, हा तुमच्याकडचा."

"कोण?"

"डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे."

अण्णांना नाव ठाऊक होतं. कोटणीसांवरच्या शांतारामबापूंच्या सिनेमाची ख्याती त्यांच्या लहानपणी गावोगाव होती. पण माणूस त्यांच्या लेखी सिनेमातलाच होता. भाचीनं तो जमिनीवर आणला. जन्म १९१० चा. जपाननं चीनवर चाल केली तेव्हा १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले हे एक. बाकीचे परतले, हे राहिले. लढाईच्या पट्ट्यात खेड्यापाड्यांतून शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिन-हुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्यांनी गेले. वय ३२, पोरगं साडेतीन महिन्यांचं.

"सोलापूरच्या माणसाला तिकडं पितर मानून फुलं वाहतात, अण्णा. तुम्ही म्हणता सण परक्याच्या घरी रुजत नाही."

"मी कवा म्हणलो?"

"आता म्हणणार होतात."

अण्णा मिशीत हसले. "बरं. पण फुलं गोष्टीला न्हाई वाहत, कामाला वाहतात. माणूस उपेगी पडला म्हणून."

"काम झालं त्याला ८० वर्षं उलटली. रांगेतल्या पोराला कोटणीसांनी टाके घातलेत का? त्याला शाळेत गोष्ट सांगितली म्हणून त्याच्या हातात फूल आहे."

अण्णा गप्प. मी मनातल्या मनात भाचीला एक गुण दिला. मास्तरकीची खोड, जात नाही. उलट्या बाजूचा पुरावाही माझ्याकडं होता, तो मी पुढं केला. मुंबईत माझगावला नवाब टँक रस्त्यावर एक चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. कँटनकडून आलेल्या लोकांनी बांधलेलं. देव क्वान कुंग, मूळचा एक सेनापती, दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून देव झालेला. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतले चिनी पांगले. उरलेली मोजकी कुटुंबं नववर्षाला तिथं जमून उदबत्त्या लावतात. एकदा एका लग्नाच्या निमित्तानं मुंबईला गेलो होतो तेव्हा जिना चढून पाहून आलो. लाल रंग, धूर, आणि खालच्या गल्लीत आपली मराठी-गुजराती वर्दळ. देव आपल्या जागी होता, माणसं नव्हती.

"बघ," अण्णा लगेच म्हणाले. "माणसं गेली की सण काय करील? देवळात गोष्ट एकटी बसली."

एकेक बरोबरी. दुधात साखर पडली, आणि साखरेवरून एक आडवळण झालं, तेही सांगून टाकतो, कारण साखर कारखान्याच्या गावात ते सांगितलंच पाहिजे. चीनमध्ये चुलीवर एका देवाचं कागदी चित्र लावतात. वर्षभर तो घरातलं सगळं ऐकतो. बाराव्या महिन्याच्या २३ व्या तिथीला तो आभाळातल्या राजाकडं अहवाल द्यायला निघतो. निघताना घरचे त्याच्या ओठांना चिकट गोड काहीतरी फासतात, म्हणजे तोंडातून गोड तरी निघेल किंवा तोंडच उघडणार नाही. मग चित्र जाळायचं, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री नवं लावायचं.

"स्लिपबॉय," अण्णांनी निकाल दिला. "शेतकी हापिसात तोडीची पाळी लवकर लागावी म्हणून आपण करतो तेच. फक्त आपण चित्र जाळत न्हाई."

देवाला फासतात ती वस्तू उसाची नव्हे, मोड आलेल्या जवाची. पण उसाच्या रसापासून चांगली साखर करायची विद्या चिन्यांनी घेतली ती इथूनच. इसवी सन ६४७ मध्ये तांग सम्राट ताइझोंगनं मुद्दाम माणसं मगधात पाठवली होती, साखर कशी कढवतात ते शिकायला. "अन् हिंदीवाले साखरेला चिनी म्हणतात!" अण्णांना याचा मनापासून राग आला. मळी सोडली तर कारखान्याची बाकी कुठलीच गोष्ट त्यांना इतकी लागलेली मी पाहिली नाही.

रात्र चढली तशी खरी गोष्ट निघाली. ती सणांची नव्हती, गाड्यांची होती.

तिकडच्या नववर्षाला छुनजिए म्हणतात, वसंताचा सण. बहुतेक वर्षी आपल्या माघ शुद्ध प्रतिपदेला लागतो. त्याच्या आधी १५ दिवस आणि नंतर २५ दिवस, असे ४० दिवस सगळा देश रस्त्यावर असतो. कारखान्यांतले, बांधकामावरचे, हॉटेलांतले, सगळे गावी निघतात. भाची एका वर्षी मैत्रिणीबरोबर तिच्या गावी गेली होती. स्वस्तातली हिरवी रेल्वेगाडी. बसायला जागा नाही. उभं राहायचं तिकीट. दोन डब्यांच्या मधल्या जागेत गवंडी, रंगाचे रिकामे डबे उलटे घालून त्यावर बसलेले. त्याच डब्यांतून त्यांनी कपडे आणले होते. वीस तास तसेच. कुणी कुरकुरत नव्हतं.

"आणि गावात पोचलो तर दारांना लाल कागद, त्यावर काळ्या शाईनं शुभाक्षरं. सगळं घर मिळून रात्रभर जाओझ करतं, म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराची, पण उकडलेली. एका करंजीत नाणं लपवतात. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष चांगलं."

"गाडीभाडं कोण देतं?" अण्णांनी विचारलं.

"ज्याचं त्यानं."

"तरी जातात."

"जातातच. वर्षभर मालकाचं ऐकतील, पण त्या रात्री घरी."

अण्णांनी तंबाखूची पिशवी काढली, आत बघून परत ठेवली. "मंग त्यांचा सण खरा. आमचा बघ. दसऱ्याला सोनं लुटायचं अन् दुसऱ्या दिवशी टायरगाडीला बैल जुंपायचे. कारखान्याचा बॉयलर दसऱ्याला पेटला की आपल्या घरची चूल इझली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, दोन कोंबड्या, शेळी. दिवाळी फडाच्या कडंला कोपीत. उसाच्या पाचटाची कोपी, तिच्यात पणती लावायची सोय न्हाई, पेट घेईल. बायकोनं एकदा बाहेर मातीत खड्डा करून त्यात दिवा ठिवला व्हता. संक्रांत तिकडं, शिमगा तिकडं. हंगाम संपून पट्टा पडायचा तवा पाडवा आला तर आला. ते सणाला घरी येतात, आम्ही सणाला घरातून निघतो."

गावात साखर कारखाना आहे, तरी धारूरच्या डोंगरपट्ट्यातली माणसं सांगली-कोल्हापूरला आणि खाली कर्नाटकात जातात. उचल जिकडची, माणूस तिकडचा. उचल घेताना नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. एकट्याला अर्धा कोयता. माणसं मोजायची हीच रीत आहे इकडं.

भाचीनं मग तिकडचं दुसरं अंगही सांगितलं. प्रामाणिक मुलगी आहे. मैत्रिणीचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा, आजीजवळ राहायचा. आईबाप दक्षिणेत कारखान्यात. वर्षातून एकदा येणार. अशा पोरांना तिकडं शब्दच आहे, मागं राहिलेली लेकरं. आई दारात आली तेव्हा तो आजीच्या पाठीमागं लपला. तिनं आणलेला लाल कोट बाह्यांत आखूड झाला, कारण ती गेल्या वर्षीच्या मापानं घेऊन आली होती.

मी दूध ढवळत होतो. चौथीत असताना माझ्या पाडव्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या होत्या. तो कुठं घेतला होता ते मला माहीत आहे, कराडच्या बाजारात. हे मी बोललो नाही. आता गावोगाव हंगामी वसतिगृहं निघाली आहेत, तेव्हा नव्हती. मी आजीजवळ राहिलो. भाचीची आई तान्ही होती म्हणून टायरवर बसून आईबरोबर गेली.

"त्यांच्यात एक जोडप्याची गोष्ट आहे," भाची जरा वेळानं म्हणाली. बहुधा तिला विषय बदलायचा होता. "सातव्या महिन्याच्या सप्तमीची. बऱ्याच वर्षी आपल्या नागपंचमीनंतर दोन दिवसांनी येते. एक गुराखी आणि एक विणकरीण. ती आभाळातल्या राणीची नात. गुराख्याकडं एक म्हातारा बैल होता, बोलणारा. त्याच्या सांगण्यावरून दोघांचं जमलं. दोन लेकरं झाली. राणीनं तिला परत ओढून नेलं. बैल मरताना म्हणाला, माझं कातडं पांघर, म्हणजे उडता येईल. गुराखी उडाला. पण राणीनं केसातला आकडा काढून आभाळात रेघ ओढली, ती आकाशगंगा. दोघं दोन काठांना. वर्षातून एक दिवस कावळ्याच्या कुळातले पक्षी पूल करतात, तेवढीच भेट."

बैलाच्या कातड्याशी अण्णा थबकले. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळणारा माणूस तो. "बैलानं कातडं दिलं," ते एवढंच म्हणाले.

"ते दोघं दिसतात आत्ता. ढग सरकू द्या." तिनं पश्चिमेकडं हात केला. "तो वायव्येला निळसर, ती विणकरीण. आपलं अभिजित. आणि हा वर, गुराखी. आपलं श्रवण नक्षत्र. दोन्ही बाजूंना दोन बारीक चांदण्या दिसतात? ती त्याची लेकरं. खांद्यावर कावड घेऊन दोन टोपल्यांत दोघांना बसवून तो बायकोच्या मागं निघालाय."

"श्रवण?" अण्णा उठून उभे राहिले. "अगं, हा तर श्रावणबाळ. मधी तो अन् दोन्हीकडं त्याचे आईबाप. कावडीत."

"तीच चांदणी, अण्णा. त्यांच्या कावडीत लेकरं, आपल्या कावडीत म्हातारे."

अण्णा बराच वेळ वर बघत राहिले. चंद्राच्या उजेडात बारीक चांदण्या नीट दिसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांना तर नाहीच. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आम्ही दोन्ही टोपल्या घरी ठिवून गेलो."

दूध खाली उतरवलं. चंद्र पातेल्यात दिसेपर्यंत थांबायचं असतं, तेवढं थांबलो. भाचीनं पातेल्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. अण्णांनी विचारलं, "ती गोष्ट तिकडं कोण सांगतं? आईबाप तर नसतात." ती म्हणाली, "आज्या." अण्णांनी मान हलवली आणि पेला पुढं केला. श्रावणबाळाची गोष्ट मीही याच अंगणात आजीकडूनच ऐकली होती.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ, त्यामुळं त्यांची पौर्णिमा २५ सप्टेंबरला आणि आपली कोजागिरी २५ ऑक्टोबरला, अशी महिन्याच्या अंतरानं येईल. त्या रात्री आमच्या गल्लीतले किती कोयते घरी असतील, ते मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असेल.